सातव्या क्रमांकाची दोन पानं

आमच्या कॅम्पात पत्ते खेळायला बंदी आहे. मेसच्या दारावर चार भाषांत पाटी आहे, आणि ज्याला चारही भाषा येत नाहीत त्याच्यासाठी बदाम, चौकट, इस्पिक, किलवर यांची चित्रं काढून त्यावर लाल फुली मारली आहे. कॅम्प बॉस सिराजुद्दीनसाहेब श्रीवर्धनचे. त्यांनी पाटी वाचून दाखवली नाही. फुलीकडे बोट दाखवलं आणि गेले.

त्यामुळे आम्ही जे खेळलो ते पत्ते नव्हते, हे आधी नोंदवून ठेवतो.

मी पंकज. सौदीतल्या राबिघच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. प्रेशर गेज, ट्रान्समीटर, व्हॉल्व्हचे पोझिशनर, असल्या गोष्टी खऱ्या बोलतायत की खोट्या ते बघणं हे माझं काम. माझ्याच सेक्शनला मुझम्मिलभाई, हर्णैचे, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. फोरमननं सांगितलं की एप्रिल-मे मिळून सेक्शनमधून एकच माणूस सुट्टीवर जाईल, बाकीचे शटडाउनला, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीला लागणार. नावं दोनच आली होती. फोरमन म्हणाला, "आपस में देख लो." आणि तोही गेला. आमच्याकडे सगळे निर्णय असेच होतात. सांगणारा लगेच निघून जातो.

माझं कारण असं. चिपळूणची स्वप्ना, तिच्याशी माझा साखरपुडा ठरलाय. दोनदा तारीख ठरली, दोनदा माझ्यामुळे हलली. एकदा री-एन्ट्री व्हिसा अडकला, एकदा बॉयलर. आता अक्षय तृतीया ठरली होती. स्वप्नाचे वडील एस.टी.च्या तिकीट तपासणी पथकातून रिटायर झालेत. ते फोनवर म्हणाले, "जावईबापू, तिसऱ्यांदा तारीख हलली तर मी दुसरं स्थळ बघणार. आणि व्हिडिओ कॉलवर साखरपुडा मी मानत नाही. मुलाकडचं माणूस माझ्यासमोर येऊन बसलं पाहिजे." मुलाकडचं म्हणजे माझ्याकडचं. माझ्याकडे मी आणि आई. आईला एस.टी. लागते, म्हणजे उलट्या होतात. म्हणजे मी.

मुझम्मिलभाईंचं कारण आंबा होतं.

तुम्ही हसाल. मीही हसणार होतो. पण त्यांची हर्णैच्या वर बावीस कलमं आहेत, आणि अकरा वर्षं त्यांना सुट्टी ऑगस्टमध्येच मिळत आलीय. घरून आलिमाभाभी दर मोसमात फोटो पाठवतात. जेद्दाला हापूस मिळतो, पेटीनं मिळतो. मी तसं म्हटलं, तर मुझम्मिलभाई म्हणाले, "पंक्या, मिळतो. पण तो कुणाच्या झाडाचा ते माहीत नसतं. आपलं झाड आपल्याला ओळखतं की विसरलं, ते मला एकदा जाऊन बघायचंय."

 साखरपुडा मोठा की झाडाची ओळख, हे दोन तास चाललं. मी म्हणायचो तुमची झाडं पुढच्या वर्षीही असतील. ते म्हणायचे मुलगीपण असेल. मी म्हणायचो नसेल. ते म्हणायचे, "मग ती तुझी नव्हतीच." असं बोलून ते मला चहा करून द्यायचे. भांडताना आमच्याकडे चहा थांबत नाही.

नाणेफेक मी सुचवली. मुझम्मिलभाई म्हणाले तो जुगार. मी म्हटलं पत्ते. ते म्हणाले पाटी. तेव्हा वरच्या बंकवरून केरूअण्णांनी पाय खाली सोडले.

केरूअण्णा माणगावचे, स्कॅफोल्डर. तीस वर्षं लोखंडी पायपांचे मनोरे बांधतायत. त्यांनी बांधलेल्या मचाणावर मी डोळे मिटून उभा राहतो, पण त्यांनी दिलेला सल्ला मी सहसा घेत नाही. ते म्हणाले, "ती अमेरिकेची पेटी हाय की."

पेटी होती खरी. आमचा आधीचा अमेरिकन इंजिनियर फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचा परत गेला तेव्हा तीन वस्तू आमच्या खोलीला देऊन गेला. भात शिजवायचा कुकर, एकच डंबेल, आणि ही पेटी. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हा आफ्रिकन-अमेरिकन घराघरांतल्या मजेचा खेळ आहे, पार्टीत खेळावा. आत दोनशे चाळीस पानं. चार रंगांची. पिवळ्यावर खाण्याची चित्रं, जांभळ्यावर चर्च आणि नातेवाईक, हिरव्यावर केस आणि न्हाव्याचं दुकान, लाल रंगावर नाचगाणं. प्रत्येक चित्राखाली एक ओळ, म्हणजे अर्धं वाक्य आणि पुढे तीन टिंबं.

नियमांचा कागदही होता. मी तो मोठ्यानं वाचला. पान उचला. त्यावर बोला. ज्याला वेगळं वाटतं त्यानं भांडा. बरोबर उत्तर असं काही नसतं. बहुमत ज्याच्या बाजूनं तो जिंकला. जो खरोखर रागावला तो हरला.

केरूअण्णा म्हणाले, "ही ग्रामसभा झाली."

मुझम्मिलभाई म्हणाले, "बरोबर उत्तर नाही तर जिंकला कसा म्हणायचा? चुकून छापलंय."

तिघांचंही मत पडलं की कागद दुसऱ्याच कुठल्या पेटीतला असावा. कागद बाजूला ठेवला. चार रंग आहेत, म्हणजे हा मेंढीकोटसारखाच हात ओढायचा खेळ, हे उघड होतं. फक्त पानांवर आकडे घालायचे अमेरिकन विसरले होते. ते आम्ही घालायचं ठरवलं.

प्रत्येक रंगाची तेरा पानं निवडली, बाकीची पेटीत. बरगड्यांचं एक पान मुझम्मिलभाईंनी चिमटीत धरून परत पेटीत टाकलं, कशाच्या बरगड्या ते विचारायची गरज पडली नाही. आता कुठलं पान मोठं, कुठलं लहान? न्हाव्याची खुर्ची मोठी की केस सरळ करायचा तापवलेला लोखंडी कंगवा? यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. केरूअण्णा म्हणाले, "माहीत कशाला पायजे. वजन बघा."

स्कॅफोल्डर माणूस. मचाणावर काय चढवायचं आणि काय नाही हे वजनानंच ठरतं. त्यांनी एकेक पान डोळ्यांसमोर धरलं, चित्रातल्या वस्तूचं वजन सांगितलं आणि मी ते पुठ्ठ्यावर लिहिलं. न्हाव्याची खुर्ची, एकशे दहा किलो, हिरव्यात तेरावी. रेशमी टोपरं, तीस ग्रॅम, हिरव्यात पहिलं. चर्चचा पियानो तेरा. बायका रविवारी घालतात ती मोठी हॅट, दोन. शाळेचा बँड, दोनशे पोरं ढोलांसकट, लाल रंगात तेरा, त्यावर वादच नाही. मध्येच सिराजुद्दीनसाहेब आले. पसरलेली पानं बघून म्हणाले, "हे काय?"

"सामान्यज्ञान," मी म्हटलं.

त्यांनी एक पान उचललं. मागे बदाम नाही, पुढे इस्पिक नाही. दोन दोऱ्यांवरून उड्या मारणाऱ्या दोन मुली. त्यांनी ते खूप वेळ बघितलं, आणि परत ठेवताना म्हणाले, "शिका, शिका."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण झाल्यावर सामना झाला. तेरा-तेरा पानं, तेरा हात, जांभळा हुकूम, ज्याचे सात हात त्याची सुट्टी. मुझम्मिलभाईंनी सुरू करायच्या आधी विचारलं, "ही पैज नाही ना?" केरूअण्णा म्हणाले, "परीक्षा हाय." त्यांचं समाधान झालं.

मी त्यांच्या तळणीवर माझी लोखंडी शेगडी टाकली. त्यांनी माझ्या ढोलावर पियानो टाकला. बाराव्या हाताला सहा-सहा झाले आणि दोघांकडे एकेक पान उरलं. मुझम्मिलभाईंनी टाकलं, पिवळं, बटाट्याच्या सॅलडचा काचेचा वाडगा. मी टाकलं, पिवळंच, पार्टीहून घरी न्यायला फॉइलमध्ये बांधलेली कागदी थाळी. आम्ही दोघांनी पुठ्ठ्याकडे बघितलं.

सॅलड, सात. थाळी, सात.

"दोन्ही दीड-दीड किलोची हायत," केरूअण्णा म्हणाले. "मी काय करू?"

मी म्हटलं थाळीत मांस असणार, मांस जड. मुझम्मिलभाई म्हणाले वाडगा काचेचा, काच जड. मी म्हटलं फॉइलचं वजन धरा. केरूअण्णांनी फॉइलचं वजन धरलं आणि म्हणाले की ते धरण्यासारखं नाही. शेवटी ठरलं की जाणकाराला विचारायचं. जाणकार एकच होता.

टेरेन्स साहेब महिन्यापूर्वी आले होते. आमचे नवे इंजिनियर, जॉर्जियातल्या मेकन गावचे, स्वतः आफ्रिकन-अमेरिकन. पेटीवर ज्या घरांचा उल्लेख होता त्यातलंच एक घर त्यांचं. राहायला इकॉनॉमिक सिटीत, समुद्राकडे तोंड करून. आमच्या सुट्टीच्या अर्जांवर सही त्यांचीच. म्हणून सुट्टीचं त्यांना काही सांगायचं नाही असंही ठरलं. सुट्टी खेळून ठरवतात हे कळलं तर दोघांचीही जायची.

रविवारी सकाळी कामाच्या परमिटच्या टेबलाशी मी त्यांना गाठलं. त्यांचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत देतो.

"सर, बटाट्याचं सॅलड मोठं की फॉइलमधली थाळी?"

त्यांनी माझ्या हातातलं परमिट घेतलं आणि वाचलं. "हे कुठल्या लाइनवर आहे?"

"लाइनवर नाही सर. सर्वसाधारण."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सॅलड कुणी केलंय?"

"ते दिलेलं नाही सर."

"मग मी त्याला हात लावणार नाही. कुणी केलं हे माहीत नसलेलं बटाट्याचं सॅलड मी आयुष्यात खाल्लेलं नाही, आणि तूही खाऊ नकोस." एवढं बोलून त्यांनी परमिटवर सही केली.

मी हे खोलीवर येऊन सांगितलं. केरूअण्णांना ते पूर्ण पटलं. "बरोबर हाय. सर्टिफिकेट नसलं तर आपणपण माल उचलायच्या साखळीला हात लावत नाय." आम्ही पान उलटसुलट करून बघितलं. वाडगा होता, चमचा होता, वर लाल पूड भुरभुरलेली होती. करणारा कुठेच नव्हता. खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'ज्यानं केलं असेल तर मी हे खाणार नाही, तो माणूस म्हणजे…' आणि टिंबं.

दुसऱ्या दिवशी मुझम्मिलभाई स्वतः परमिटच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "सर, सॅलड मी केलं असं धरा."

टेरेन्स साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बटाट्याचं सॅलड करता?"

मुझम्मिलभाईंनी जन्मात केलं नव्हतं. "करतो सर."

"धरायचं नसतं ते. करायचं असतं. मी शुक्रवारी येतो."

हा निवाडा आहे की आमंत्रण, ते आम्हाला आठवडाभर कळलं नाही. मुझम्मिलभाईंनी आलिमाभाभींना फोन केला. त्यांनाही माहीत नव्हतं, पण त्यांनी तसं सांगितलं नाही, रेसिपी सांगितली. बटाटे, उकडलेली अंडी, कांदा, मोहरी वाटून, मेयोनीज नसेल तर घट्ट लबन, म्हणजे तिकडचं दही, आणि साहेब येणार म्हणजे वरून मनुके.

शुक्रवारी टेरेन्स साहेब आले ते हातात कलिंगड घेऊन. आम्ही त्यांना एकुलती एक खुर्ची दिली. त्यांची नजर पेटीवर गेली आणि चेहरा एकदम उजळला. "ही तर आमच्याकडे प्रत्येक थँक्सगिव्हिंगला निघते. तुम्ही ही खेळता?" मग त्यांनी पुठ्ठा बघितला. चेहरा होता तसाच राहिला, पण आतलं काहीतरी थांबलं.

"हे आकडे कसले?"

"किलो," मी म्हटलं.

"यात वजन नसतं. पान काढायचं, ओरडायचं, भांडायचं, हसायचं."

केरूअण्णांना मी भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, "भांडतो म्हणावं आमी. हसायचं कागदात नव्हतं, आणि तो कागदपण दुसऱ्या पेटीचा."

टेरेन्स साहेबांनी पुठ्ठा वरून खाली वाचत एका जागी बोट ठेवलं. "चर्चची हॅट. दोन?"

"अडीचशे ग्रॅम धरलीय सर."

"माझी मावशी," ते म्हणाले, "ही हॅट घालून पुढच्या बाकावर बसली की मागच्या तीन रांगांना पाद्री दिसत नसे. तिच्यापुढे तुमचा पियानो कोण विचारतो? तेरा करा."

"वजन काय लिहू?" केरूअण्णांनी विचारलं.

साहेबांनी खरंच विचार केला. "तुम्हाला कल्पना नाही," ते म्हणाले. मी तेच लिहिलं. पुठ्ठ्यावर आजही आहे, हॅट, तेरा, वजनाची कल्पना नाही. त्यांनी मग तापवलेला कंगवा वर नेला, टोपरं सरळ बाराव्या जागेवर बसवलं, न्हाव्याची खुर्ची मात्र होती तिथेच ठेवली. अर्ध्या तासात ते आमच्यापेक्षा जास्त गंभीर झाले होते. केरूअण्णांनी जाहीर केलं की ही दुरुस्ती झालेल्या हातांना लागू नाही.

मग सॅलड आलं. मुझम्मिलभाईंनी मेसमधून स्टीलचं पातेलं आणलं होतं, काचेचा वाडगा कुणाकडेच नव्हता. टेरेन्स साहेबांनी आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे मनुके आहेत," ते म्हणाले.

"हो सर. खास तुमच्यासाठी."

"कुणी केलं हे?"

"मी," मुझम्मिलभाई म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले.

साहेबांनी एक मोठा श्वास घेतला आणि चमचा उचलला. पहिला घास. दुसरा. आम्ही तिघं तोंडाकडे बघत होतो. गेजच्या काट्याकडे मी इतक्या वेळा बघितलंय, पण असा न हलणारा काटा बघितला नव्हता. पूर्ण वाटी संपली. मग ते म्हणाले, "थोडं बांधून द्याल का, घरी न्यायला?"

खोलीत जे झालं ते तुम्हाला नीट सांगायला हवं. साहेबांनी बांधून मागितलं, म्हणजे सॅलड चांगलं, म्हणजे सॅलडचं पान जिंकलं, असं मुझम्मिलभाईंचं म्हणणं. माझं म्हणणं की सॅलड शेवटी गेलं कुठे, तर फॉइलमध्ये. थाळीनं सॅलड आपल्या पोटात घेतलं, म्हणजे थाळीनं ते मारलं. केरूअण्णांनी फॉइल बांधून वर मार्करनं मोठा सात काढला आणि म्हणाले की दोघांचंही बरोबर वाटतं, म्हणून काहीतरी चुकतंय.

"एक मिनिट," टेरेन्स साहेब म्हणाले. "तुम्ही खेळताय कशासाठी?"

केरूअण्णा मार्करचं टोपण लावत बसले. माझ्या डोक्यात चिपळूणचा हॉल आला, पन्नास खुर्च्या आणि समोर कुणी नाही. एक शब्द बोललो असतो तर कदाचित साहेबांनी दोघांनाही सोडलं असतं. कदाचित दोघांनाही मेमो दिला असता. टेरेन्स साहेबांना ओळखून मला एकच महिना झाला होता.

"इज्जत," मुझम्मिलभाई म्हणाले.

"मग सोपं आहे. सॅलड. ते चांगलं नसेल तर थाळी बांधून मागतो कोण?" साहेब उठले, तिघांचे हात हातात घेतले, फॉइलचं पुडकं घेतलं आणि गेले.

मुझम्मिलभाई माझ्याकडे बघत नव्हते. जिंकलेला माणूस इतका अवघडलेला मी पाहिला नव्हता. थोड्या वेळानं मी बाहेर पडलो आणि चालत गेटपर्यंत गेलो. गेटवरचा गार्ड असरच्या नमाजेला गेला होता, त्यामुळे साहेबांची गाडी वीस मिनिटं तिथेच अडकून होती आणि आत्ताच सुटली होती. तिची धूळ अजून खाली बसायची होती. केबिनशेजारी कचऱ्याचा पिंप. पिंपात सगळ्यात वर फॉइलचं पुडकं. त्यावर सात.

मला आनंद झाला. लपवत नाही. साहेबांनी शिष्टाचार म्हणून बांधून घेतलं आणि वाटेत टाकलं. सॅलड हरलं होतं, आणि पुरावा माझ्या हातात होता, केरूअण्णांच्या अक्षरातला. मी पिंपात हात घालून पुडकं काढलं आणि निघालो. अर्ध्या वाटेवर वाटलं की एकदा खात्री करावी.

उघडलं. आत सॅलड नव्हतं. फॉइल आरशासारखं स्वच्छ, प्लॅस्टिकचा चमचा चाटून पुसून ठेवलेला. आणि एका कडेला ओळीनं लावलेले मनुके. मोजले. अकरा.

माणसानं गाडीत बसून सगळं खाल्लं होतं, मनुके सोडून.

आता पुडकं पुन्हा मिटून नेलं असतं, कचऱ्यात सापडलं एवढंच सांगितलं असतं, तर कुणी उघडून बघितलं नसतं. मुझम्मिलभाईंनी तर नक्कीच नाही. आपलं अन्न कचऱ्यात गेलेलं उघडून कोण बघतं. अक्षय तृतीयेला मी चिपळूणला. मी तिथे उन्हात किती वेळ उभा होतो, ते मला सांगता येणार नाही. पण मी गेज वाचणारा माणूस आहे. काटा जिथे आहे तिथला आकडा लिहायचा, जिथे असावा असं वाटतं तिथला नाही. सात वर्षं तेवढंच केलंय. दुसरं मला जमेल की नाही, हे बघायची ती वेळ बरोबर वाटेना.

मी खोलीत जाऊन पुडकं उघडं ठेवलं आणि म्हटलं, "खाल्लं त्यांनी. सगळं."

मुझम्मिलभाईंनी बघितलं. "मनुके का नाही खाल्ले?"

"ते माहीत नाही."

"चांगले होते ते. इराणचे." त्यांना त्या अकरा मनुक्यांचं इतकं वाईट वाटलं की सुट्टी मिळाल्याचं संध्याकाळपर्यंत लक्षात आलं नाही.

स्वप्नाला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं एकदाही मध्ये तोडलं नाही. मग म्हणाली, "थाळी शेवटपर्यंत का ठेवलीस हातात?"

"म्हणजे?"

"सात नंबरचं पान मधल्या हाताला काढून टाकायचं. शेवटाला मोठं ठेवायचं. शेगडी कशाला उडवलीस तळणीवर?"

"स्वप्ना, साखरपुडा—"

"तो वेगळा विषय आहे. मी आत्ता तुझ्या खेळण्याबद्दल बोलतेय." थोड्या वेळानं म्हणाली, "बाबांना काही सांगू नकोस तू. तू सांगितलंस तर त्यांना कळणार नाही."

मुझम्मिलभाईंनी अर्जात कारण लिहिलं, आंबा. टेरेन्स साहेबांनी काही न विचारता सही केली. निघायच्या आदल्या दिवशी मुझम्मिलभाई माझ्या बंकशी आले आणि तळहात पुढे केला. "अंगठी आण."

"कशाला?"

"तुझा सासरा म्हणतो ना, मुलाकडचं माणूस समोर बसलं पाहिजे. मी बसतो. चिपळूण माझ्या वाटेवरच आहे."

चिपळूण त्यांच्या वाटेवर नाही. हर्णैला जाताना चिपळूण लागतच नाही, मुद्दाम जायला लागतं आणि मग परत यायला लागतं. मी तसं म्हणणार होतो. अंगठी दिली.

अक्षय तृतीयेला सकाळी माझी ड्युटी नव्हती. स्वप्नानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. मला दिसत होते ते असे. सोफ्यावर माझे सासरे, समोर मुझम्मिलभाई इस्त्रीच्या शर्टात, बाजूला त्यांच्या सोबतीनं कशीबशी पोचलेली आई लिंबू हुंगत, आणि स्वप्ना अर्धीच.

सासऱ्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"मुलाकडचा."

"ओळखपत्र?"

मुझम्मिलभाईंनी इकामा, म्हणजे सौदीतला राहण्याचा परवाना काढून दिला. सासऱ्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला, उजेडात धरला, परत दिला. "मुलगा का नाही आला?"

मी फोनमधून ओरडून काहीतरी सांगणार होतो, पण सॅलड आणि चिपळूणची वाट सोडली तर मुझम्मिलभाई खोटं बोलत नाहीत, ही अडचण मी विसरलो होतो. त्यांनी पेटीपासून सुरुवात केली. पियानो आला, हॅट आली, लबन आलं. सासरे मधून मधून तपासणी करत होते.

"पुडक्यात मनुके किती?"

"अकरा."

"मोजले कुणी?"

"तुमच्या जावयानं."

"म्हणजे पुडकं तो घेऊन आला. स्वतः. त्याच्या विरुद्ध जाणारं."

"होय."

"कचऱ्यात हात घालून."

"होय."

सासरे मागे टेकले. पंखा फिरत होता. "बत्तीस वर्षं तिकिटं तपासली," ते म्हणाले. "स्वतःविरुद्धचा पुरावा आपणहून आणून देणारा प्रवासी मला एकदाही भेटला नाही. त्यामुळे मुलगा चांगला आहे की ही सगळी गोष्टच बनवलेली आहे, ते मला आत्ता सांगता येत नाही. ऑगस्टपर्यंत विचार करतो."

ऑगस्ट. मी फोन हातात धरून बसलो.  मुझम्मिलभाईंनी अंगठीची डबी टेबलावर ठेवली होती, ती परत उचलायला त्यांनी हात पुढे केला, पण डबीत अंगठी नव्हती.

"बाबा," स्वप्ना म्हणाली, "मी फक्त माप बघत होते."

तिनं हात वर केला. अंगठी बोटाच्या मुळाशी जाऊन बसली होती.

"काढ," सासरे म्हणाले.

तिनं ओढली. फिरवून ओढली. आईनं लिंबू दिलं. शेजारच्या अनुराधावहिनी खोबरेल घेऊन आल्या. मुझम्मिलभाई मोरीतून साबण घेऊन आले आणि आपण परक्या घराच्या मोरीत कसे गेलो, याचा विचार करत तिथेच उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. सासऱ्यांनी चष्मा लावून बोट तपासलं, दोन्ही बाजूंनी, उजेडात.

"निघत नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"नाही ना बाबा."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मग पेढ्यांचा बॉक्स फोडा," ते म्हणाले, आणि कुणाचा राग आलाय ते न ठरल्यासारखे आत निघून गेले.

स्वप्नानं साबणाचा हात ओढणीला पुसला आणि फोन उचलला. त्या अंगठीचं माप तिनंच दोऱ्यानं घेऊन पाठवलं होतं. मी जेद्दाच्या सोनाराकडे तो दोरा तीनदा लावून बघितला होता. ते चुकलं कसं, हे मला आजही कळलेलं नाही.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"थोडं," ती म्हणाली. "राहू दे."